ओसेनच्या बांधावरची पाच पावलं

शोवा सन सात (इ.स. १९३२), फेब्रुवारी ३

आणि पुन्हा सांगतो, कांझोदादा, मी पळालो नव्हतो. माशांच्या होडीवरून उतरलो, कारण तिथला मुकादम पिऊन मारायचा. खाणीतून निघालो, कारण छताच्या बल्ल्या करकरायला लागल्या होत्या. सुताराकडून निघालो, कारण... बरं, तिथे माझीच चूक होती. पण म्हणून सगळ्यांदेखत, भरल्या ताटावर म्हणायचं का, "सुएकिची, तू जिथे जातोस तिथून पळतोस. जा. इथे तुझी वाट कुणी बघत नाही"? वहिनी भाताचं पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. त्याला आता चार महिने होतील. हे मी तुला पाठवणार नाही. वहीत लिहितोय, कारण वही मध्येच तोंड घालत नाही.

आज सानुकीत पोचलो. तीन दिवस रेल्वे, वर बोट. आपल्या त्सुगारूत कमरेइतका बर्फ, इथे त्याचा पत्ता नाही. भाताची मूद पालथी घालावी तशा टेकड्या आणि जिथे बघावं तिथे तळी. नदीत पाणी टिकत नाही, म्हणून यांची शेती तळ्यांवर. एका तळ्याचा मातीचा बांध दुरुस्त करायचा आहे, तीस माणसांची टोळी. काम देन्शिचीभाऊने मिळवून दिलं. आपल्या खालच्या गावचा, चाळिशीचा, सदा सर्दीने नाक ओढणारा, तोच.

बांधाच्या पायथ्याशी तळ्याच्या राखणदाराचं घर आहे. संध्याकाळी दारात पोचलो, तर आतून मूठभर भाजलेले सोयाबीन सप्पकन तोंडावर! "राक्षस बाहेर!" आज राक्षस हाकलायला दाणे फेकायचा दिवस, मी विसरलोच होतो. फेकणारी पोरगी तोंडावर हात धरून उभी. "अगं नुई, माणूस आहे तो!" म्हातारी ओरडली. पोरगी म्हणाली, "अंधारात काय कळतंय आजी? आणि दाढी बघ की त्याची."

म्हातारीने मला वाडगाभर पाणी दिलं. सगळं संपेपर्यंत वाडगा सोडला नाही. मग तीन प्रश्न विचारले. नाव काय? गाव कुठलं? घरी तुझी वाट कोण बघतं?

देन्शिचीभाऊ म्हणाला, बायको आणि दोन मुली. मी म्हणालो, "कुणी नाही."

"कुणीच नाही?"

"नाही."

"नीट आठव, बाळा."

"माझीच माणसं, आजी. त्यात आठवायचं काय?"

तिने म्हाताऱ्याकडे बघितलं. इसाबुरो त्याचं नाव, तोच राखणदार. तो हातात कुंचला धरून बसला होता. त्याने काहीतरी लिहिलं आणि शेवटी हात थांबवला. राग तुझ्यावरचा होता दादा, निघाला तिथे.

फेब्रुवारी ९

तळं रिकामं आहे. नुसता चिखल आणि मधूनमधून शिंपले. बांधाच्या पोटात चिकणमातीचा थर टाकायचा, धुम्मस मारायची, परत थर. इथल्या बाया गाण्यावर धुम्मस उचलतात. मी सूर सोडून मारतो म्हणून हसतात. हात सोलवटले.

एक गोष्ट कळत नाही. बांधाच्या मधोमध दोन खुंट्या आणि त्यांना पेंढ्याचा दोर बांधलाय. मधे पाच पावलं जागा. दोन्हीकडे आमची ठोकलेली माती वर वर चालली आहे, पण त्या पाच पावलांत जुनी भुसभुशीत मातीच, वर गवत. मी धुम्मस घेऊन दोराखालून वाकलो, तर इसाबुरो आजोबा एवढ्या जोरात ओरडले की बायांचं गाणं बंद पडलं.

"तिथे पाय टाकायचा नाही."

"पण आजोबा, मधे पोकळ राहिलं तर..."

"माझ्या आजोबांनी ठोकलं नाही. बापाने नाही. तूही नाही."

का ते विचारलं, तर प्रत्येकाला एकदम काही ना काही काम आठवलं.

फेब्रुवारी १७

आता कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

देन्शिचीभाऊ बाजारच्या गावात न्हाव्याकडे गेला होता. न्हाव्याने वस्तरा गळ्यावर ठेवून सांगितलं. हे तळं ओसेनचं. दीडशे वर्षांपूर्वी बांध तीन वर्षं लागोपाठ फुटला. गावचे पंच बसले आणि ठरलं की उद्या सकाळी रस्त्याने जो पहिला परका माणूस येईल, त्याला बांधात जिवंत पुरायचं, म्हणजे बांध उभा राहील. सकाळी ओसेन आली. समुद्राकडून मीठ विकायला आलेली, डोक्यावर टोपली. याच घराच्या दारात तिने प्यायला पाणी मागितलं. दिलं. पिऊन झाल्यावर धरली.

तेव्हापासून बांध फुटला नाही. पण तळं भरलं की ती बांधाच्या पोटातून रडते. पहाटे धुक्यात बांधावर दिसते. तिच्याकडे बघितलं आणि तिने पाणी मागितलं, की तो माणूस वर्षात बुडून मरतो. न्हाव्याचा मेहुणाच मेला म्हणे.

"आपल्यालाही पाणी दिलं," मी म्हणालो. "त्याच दारात."

देन्शिचीभाऊने नाक ओढलं. "मला दिलं तर दिलं. माझ्यामागे तीन जीव आहेत, चौकशी होईल. तू शहाण्या, छाती काढून सांगितलंस, माझ्यामागे कुणी नाही. त्यांना दुसरं काय हवं होतं?"

तो हसत होता. थट्टाच असेल.

फेब्रुवारी २०

पहाटे लघवीला उठलो. बांधावर धुकं. दोराजवळ एक बाई बसलेली, पांढरं काहीतरी डोक्यावर. हातात वाडगा. वाडगा हळूहळू जमिनीवर रिता केला. मग कपाळ मातीला टेकवून किती तरी वेळ तशीच.

मी पाहिलं. तिने मला पाहिलं की नाही माहीत नाही. लघवी न करताच परत आलो.

मार्च १

घराच्या मागे एक देवळी आहे, बिजागरी तुटलेली. नुईने फळी आणि खिळे दिले. "अहो बर्फवाले, सुताराकडे होतात ना? तेवढं दार बसवून द्या." सुताराकडे आठ महिने होतो हे तिला कसं कळलं कोण जाणे, मीच बोललो असेन. मी बरंच बोलतो तिच्याशी.

दार काढलं. आत देव नाही. लाकडी पट्ट्या. ओळीने टांगलेल्या, मागच्या धुराने काळ्या पडलेल्या, पुढच्या नव्या. प्रत्येकीवर नाव, गाव आणि खाली आणखी नावं. मी चारच यत्ता शिकलोय, पण स्वतःचं नाव वाचता येतं. सगळ्यात पुढे देन्शिचीभाऊची पट्टी. खाली बायको, मुली. शेजारी माझी. सुएकिची, त्सुगारू. खाली कोरं.

सगळ्या देवळीत खाली कोरी पट्टी एकच.

दार बसवून दिलं. तिसरा खिळा वाकडा गेला. नुई म्हणाली, "आठ महिन्यांत एवढंच शिकवलं?" मला हसू आलं नाही.

मार्च १२

नुईने टपालात कार्ड टाकलं. त्यावर आपल्या गावाचं नाव होतं, मी ओळखलं. विचारलं तर म्हणाली, "आजीचं काम आहे."

देन्शिचीभाऊ म्हणतो, "खात्री करून घेतायत. उत्तर नाही आलं की झालं."

दादा, तू उत्तर देणार नाहीस. तुला मी ओळखतो.

मार्च २९

काम संपलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांना उदोन, इथल्या जाड शेवया. एवढ्या लांबलचक की देन्शिचीभाऊच्या नाकापर्यंत. त्याच जेवणाला येताना आजोबा चिखलात घसरले आणि कंबर धरून बसले. उठवेना.

संध्याकाळी मला बोलावलं. "टोळी उद्या जाईल. तू राहशील का? जूनच्या मध्यावर शेतांना पाणी सोडायला तळ्याच्या मोरीचा दट्ट्या काढतात, तोवर. मला बांधावर चढवत नाही आता. पगार तोच, जेवण घरचं."

देन्शिचीभाऊ मला बाहेर ओढून म्हणाला, "तीस जणांतून तुलाच का? गाढवा, चल माझ्याबरोबर. होक्काइदोला काम आहे."

मी पोतडी बांधायला घेतली होती. गाठ मारताना तुझा आवाज आला, तू जिथे जातोस तिथून. गाठ सोडली. तुझ्यामुळे राहिलो हे ध्यानात ठेव. माझं काही झालं तर तुझ्यामुळे.

एप्रिल २४

पाऊस बरा आहे. तळं निम्म्यावर. मोरीला खालून लाकडी दट्ट्या घट्ट बसवलाय, थेंब जात नाही. मी रोज बांधावरून फिरतो, उंदरांची बिळं बुजवतो, दोराजवळ आलो की वळसा घालून उतरतो.

आज तिचा आवाज आला.

दोराच्या बरोबर खाली, पायथ्याला, दगडांचा ढीग आहे. त्यातून. आधी वाटलं बेडूक. पण बेडूक थांबतो. हे थांबत नाही. बारीक, नाकातल्या नाकात, लहान मूल रडून रडून दमल्यावर करतं तसं.

आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "हं, ओसेन बोलायला लागली. दरवर्षी बोलते. आता ऐक. रोज पहाटे त्या दगडांपाशी जायचं. वाकून बघायचं. पाणी स्वच्छ असेल तर काही नाही. गढूळ दिसलं तर धावत ये."

रोज. पहाटे. एकट्याने. तिच्या दगडांपाशी वाकून. आजोबा, मी खेड्यातला असेन, पण इतका नाही.

मी "हो" म्हणालो.

मे ३

गेलो नाही. लांबूनच बघून येतो आणि सांगतो, "स्वच्छ."

मे ११

"स्वच्छ."

नुईने भाताची रोपं टाकलीत, बांधाच्या खालच्याच तुकड्यात. हिरवी, बोटाएवढी. चिमण्या हाकलायला मला बसवते. म्हणते, "तुमच्या दाढीला घाबरतात." काल दाढी काढली. आज म्हणाली, "आता चिमण्या कोण हाकलणार?" हिचं काय करावं कळत नाही.

कार्डाचं उत्तर नाही. आजी टपालवाल्याला रोज विचारते. तो मान हलवतो आणि ती माझ्याकडे बघते. तो बघण्यातला कळवळा मला सहन होत नाही. बकऱ्याला पाला घालताना बघतात तसा.

मे १९

तळं भरत आलं. रडणं मोठं झालंय, घरातून ऐकू येतं. आधी बारीक होतं, आता घोगरं. घसा बसल्यासारखं.

आजोबांनी विचारलं, "पाणी?"

"स्वच्छ."

"जवळून बघितलंस ना?"

"हो."

मे २६

तीन दिवस पाऊस. पाणी काठापासून दीड हात.

आज आजीने मला उभं केलं. दोरीने खांद्याचं माप घेतलं, उंचीचं घेतलं. विचारलं कशाला, तर म्हणाली, "नंतर कळेल." दुपारी ती पडवीत शिवत होती. पांढरं. सगळं पांढरं.

आपल्याकडे पांढरं कोण घालतं ते तुला माहीत आहे. आई गेली तेव्हा तिलाही घातलं होतं. मी नव्हतो, पण घातलंच असेल.

उद्या नाही, परवा पहाटे निघतो. उद्या पोरगी बाजारात जाणार आहे, ती नसताना गेलो तर चोरी वाटेल. परवा. पळतो म्हण, काय म्हणायचं ते म्हण. जिवंत माणसाला म्हणशील.

मे ३०

उजवा हात धड नाही, डाव्याने लिहितोय. सगळं लिहिणार आहे, क्रमाने.

अठ्ठावीसला उजाडायच्या आधी पोतडी घेऊन निघालो. पुढच्या दारात आजोबा झोपतात, म्हणून मागून. मागून एकच वाट, बांधाच्या पायथ्याने, दगडांजवळून. डोळे मिटून जायचं ठरवलं होतं. डोळे मिटून चिखलात चालता येत नाही.

ती रडत नव्हती. उकळत होती. दगडांमधून पाणी फसफसून वर येत होतं, मनगटाएवढं जाड, आणि त्याचा रंग मिसोच्या तपकिरी सारासारखा. बाजूला बारीक मातीचा ढीग जमला होता, मुंग्यांच्या वारुळासारखा. मी बघत होतो आणि तो वाढत होता.

मला वाटलं ती बाहेर येतेय. माती उकरून.

खरं लिहितो. मी दहा पावलं पुढे गेलो. स्टेशन तासाभरावर. अकरावं पाऊल टाकताना खाली नुईची रोपं दिसली. त्यांच्या मधल्या सरीतून तेच गढूळ पाणी चाललं होतं, थेट घराकडे. घरात आजोबा, त्यांना उठवत नाही. गढूळ दिसलं तर धावत ये. महिनाभर मी न बघता स्वच्छ म्हणत होतो.

पोतडी टाकली आणि ओरडत परत पळालो.

आजी वाडगा घेऊन बांधाकडेच निघाली होती, डोक्याला पांढरा रुमाल. धुक्यात दिसायची ती हीच. "आजी," म्हणालो, "ती गढूळ रडतेय." वाडगा तिच्या हातातून पडला. अर्ध्या घटकेत धोक्याचा लाकडी टोला वाजला आणि गाव धावलं, पेंढ्याची पोती, चटया, फावडी घेऊन. नुईने आजोबांना पाठीवर घालून आणलं. आजोबांनी चिमूटभर माती बोटांत चोळली.

"पोटातून माती वाहतेय. आतल्या बाजूला तोंड पडलंय कुठेतरी. ते बुजवलं पाहिजे."

"मोरी उघडा!" कुणीतरी ओरडलं.

"मोरीने तळं उतरायला दोन दिवस लागतील. हा बांध दुपार बघणार नाही."

सगळे पोती घेऊन बांधावर चढले आणि दोरापाशी थांबले. दोन्हीकडे माणसं आणि मधे ती पाच पावलं. पोहणारे होते त्यांत, धट्टेकट्टे होते. एकही दोराखालून वाकेना. एक जण तर रडत होता. आतल्या पाण्यात, दोराच्या बरोबर समोर, एक गवताची काडी गोल गोल फिरत होती; तोंड तिथेच होतं.

मला राग आला. भीती होतीच, पण राग जास्त. मनात आलं, नाहीतरी बळी म्हणून लिहिलेला मीच आहे. ओढत नेण्यापेक्षा चालत जातो. म्हणालो, "मी उतरतो. दोर बांधा."

आणि आजीने वाट अडवली, दादा.

"नाही. हा नाही."

"आजी, वेळ नाही," नुई म्हणाली.

"याची पट्टी कोरी आहे!" म्हातारी किंचाळली. "कोरी पट्टीवाला माणूस या पाण्यात मी सोडणार नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मिठाची टोपली विकून कुणासाठी परत जाणार होती ते विचारलं नाही. ओसेन हे नावसुद्धा आम्हीच ठेवलं नंतर. माझ्या दारातलं पाणी पिऊन गेली ती. म्हणून या दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात. काही झालं तर सांगायला कुणीतरी हवं! याचं कुणाला सांगू मी? त्याच्या गावाला कार्ड पाठवलं, तर उत्तर नाही!"

मी चिखलात उभा होतो. तीन महिन्यांची भीती एका क्षणात कुठे ठेवावी ते कळेना. आणि काडी फिरतच होती.

"दादा," मी म्हणालो. "कांझो. मोठा भाऊ. तो बघतो वाट."

"खोटं बोलतोस. आत जायला मिळावं म्हणून."

"रागात आहे तो. पण बघतो."

खरं की खोटं, मलाच माहीत नव्हतं. आजी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने दोर घेतला आणि स्वतःच्या हाताने माझ्या कमरेला तीन गाठी मारल्या. "नुई, ऐकलंस ना? कांझो. लिही."

पाणी बर्फासारखं नव्हतं, पण काळं. गुंडाळलेली चटई आणि मातीचं पोतं छातीशी धरून खाली गेलो. पायाने चाचपत. एकदम चटई हातातून हिसकली गेली. तिच्यामागोमाग माझा डावा पाय. गुडघ्यापर्यंत.

तिने धरला होता. कुणी काही म्हणो. घोट्याला हात होता. गार, आणि असा घट्ट की सोडायचं तिला माहीतच नव्हतं. वरून दोर ओढत होते, खालून ती. कंबर तुटायला आली, दोरात अडकलेला उजवा हात पिरगळला. तोंड उघडलं तर पाणी आत, तरी मी तिच्याशी बोललो. मनात म्हण हवं तर. म्हणालो, सुएकिची. त्सुगारूचा. आई गेली तेव्हा घरी नव्हतो. घरी दादा आहे. तुझी वाट बघणाऱ्याचं नाव मला माहीत नाही बाई, पण कुणीतरी असेलच, आणि त्याने बरीच वर्षं बघितली असेल.

हात सुटला.

वर आलो तेव्हा आजोबा ओरडत होते, "चटईने तोंड धरलं! पोती टाका!" मग म्हणे पहिली उडी त्या रडणाऱ्या माणसाने मारली, दोर न बांधता, थेट पाच पावलांत. मग सगळे. संध्याकाळपर्यंत दगडांतलं पाणी बारीक झालं. रात्रीपर्यंत स्वच्छ. बांध आहे. घर आहे. नुईची दोन ओळी रोपं गेली, ती त्याचाही हिशेब माझ्याकडे मागते.

एकच सांगतो. तळ्याचं पाणी गोडं आहे, मी दोन महिने पितोय. पण मला वर काढलं तेव्हा तोंडात खारट चव होती. मिठाची.

जून २

आजोबांना सगळं सांगितलं. न बघता स्वच्छ म्हणायचो ते. मारतील वाटलं.

चिलीम पेटवून म्हणाले, "तू महिनाभर खोटं बोललास. आम्ही दीडशे वर्षं ती माती ठोकली नाही. तिला दुखेल म्हणून." मग म्हणाले, "शरदात तळं रिकामं झालं की ती जागा खणायची. हाडं सापडली तर वर टेकडीवर नेऊ, जिथून समुद्र दिसतो. नाही सापडली तर माती नेऊ. मग तिथे धुम्मस मारायची. सुरात."

पांढऱ्या कपड्याचं विचारलं. ते आणि आजी एकमेकांकडे बघून हसायला लागले. मोरीचा दट्ट्या काढणारा पांढऱ्यात उतरतो. आजोबांच्या कमरेमुळे यंदा मी. "का, तुला काय वाटलं?" आजीने विचारलं.

मी म्हणालो, काही नाही.

जून १५

दट्ट्या निघाला. पाच जणांनी ओढला, पांढऱ्यात मी पुढे. पाणी असं गर्जत बाहेर पडलं की पोरं घाबरून आयांना चिकटली. खाली सगळ्या पाटांवर माणसं उभी होती, पाणी आपल्या शेतात शिरताना बघत. कुणी ओरडत नव्हतं. नुईने रोपं लावायला घेतली. मला म्हणाली, "सरळ ओळ येते का बर्फवाल्यांना?" येते. पण आज आली नाही.

जून १८

पत्र आलं. तुझं नाही, वहिनीचं. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे हरवणार नाही.

"भावजी, हे लिहायला तुमच्या दादांनी सांगितलेलं नाही. आजीबाईंचं कार्ड मार्चमध्येच आलं. तेव्हापासून चुलीवरच्या फळीवर आहे. उत्तर लिहायला हे बसतात आणि उठतात. तुम्ही गेलात त्या रात्रीपासून तुमचं ताट वाढतात. वाटी भरून भात, सार, वर झाकण. मला हात लावू देत नाहीत. झाकणाला आतून थेंब धरले की म्हणतात, ठीक आहे तो. मे महिन्यात अठ्ठावीस तारखेला झाकण कोरडं निघालं. दोनदा ठेवलं, दोनदा कोरडं. त्या दिवशी हे शेतावर गेले नाहीत. ताटापुढेच बसून होते. संध्याकाळी थेंब धरले तेव्हा उठले आणि मलाच ओरडले, भात निवला म्हणून."

आजीला वाचून दाखवलं. अर्ध्यात मला वाचता येईना, पुढचं नुईने वाचलं. आजीने देवळीतून पट्टी आणायला लावली. कांझो हे नाव त्या दिवशीच्या घाईत कोळशाने लिहिलं होतं, आता आजोबांनी शाईने गिरवलं.

मी शरदापर्यंत इथे आहे. त्यानंतरचं आत्ता विचारू नकोस. पळालो नाही एवढं लक्षात घे.

आणि एक, दादा. माझ्या नावाने वाढलेला भात नंतर कोण खातं ते मला चांगलं माहीत आहे. तूच. आठ महिने माझं जेवण जेवतोयस आणि वर तोंड वर करून म्हणतोस, वाट कुणी बघत नाही. पण फुकटची वाटी मला नको. तांदळाचे पैसे घे आणि ताट बंद करू नकोस, निदान झाकण घट्ट बसेल असं तरी बघ. उद्या मनीऑर्डर करतो, ऑक्टोबरपासूनच्या सगळ्या वाट्यांची: सात येन, पन्नास सेन.